प्रयागबाईच्या बागेतली चिलटं

मंगरूळपीरच्या बाहेर, नाल्याला लागून प्रयागबाईची पेरूची बाग होती. तिकडे पेरूला जांब म्हणतात. नवरा गेल्यापासून साठेक झाडं आणि खालची वांगी-मिरची ती एकटीच सांभाळायची. वही घेऊन येणाऱ्या माणसावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. शहात्तर साली असाच एक वहीवाला गोड बोलून तिच्या धाकट्या दिराला, नथ्थूला, जीपमध्ये घालून घेऊन गेला आणि संध्याकाळी नसबंदी करून आणून सोडला. नथ्थूचं ठरत आलेलं लग्न मोडलं ते मोडलंच.

त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुटीत, बेबीताई बागेत आली. तिचा बाप भिवाजी मूळचा इंझोरीचा, मंगरूळच्या पोस्टात शिपाई. पोरगी नागपूरला प्राणिशास्त्र शिकत होती. पिकल्या केळ्याचा लगदा घातलेल्या बाटल्या झाडांखाली ठेवू द्या, आत चिलटं शिरली की कापसाचं बूच लावून मी घेऊन जाईन, एवढंच तिचं मागणं होतं. हातात वही होती. प्रयागबाई हो म्हणाली, ती अशा हिशेबानं की नाही म्हटलं तर ही लपून येईल, त्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेली बरी. बसायला तिनं विहिरीजवळचा दगड दाखवला आणि प्यायला पाणी दिलं ते ओंजळीत, वरून. भिवाजीच्या घरच्यांबद्दलची तिची अढी वहीपेक्षा जुनी होती. ती मात्र तिनं स्वतःशीही कधी कबूल केली नाही.

पंधरा दिवसांत जांबांत अळ्या निघू लागल्या. वरून फळ चांगलं, फोडलं की आत वळवळ. व्यापाऱ्यानं दोन टोपल्या परत पाठवल्या. प्रयागबाईला वाटलं, सापडला चोर, केळ्याच्या वासानं जमणारी ही चिलटंच. आरडाओरडा न करता तिनं एक भरलेली बाटली लपवून घरी नेली. दोन मडकी घेतली. एकात टणक, बेदाग जांब ठेवला, दुसऱ्यात तडकलेला, सडायला आलेला. दोन्हीत चिलटं सोडून तोंडाला लुगड्याचा धडपा घट्ट बांधला आणि मडकी उतरंडीमागे ठेवली.

आठव्या दिवशी तिनं ती उघडली. सडक्या जांबात अळ्याच अळ्या होत्या. टणक जांब मात्र जसाच्या तसा. तिनं तो चार ठिकाणी चिरून पाहिला. काहीच नाही.

एवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, उलट संशय वाढला. चिलटं निर्दोष असतील, तर ही पोरगी ती नेते कशाला? बेबीताई हरवलेली बाटली शोधत आली, तेव्हा प्रयागबाईनं सरळ मडकीच तिच्यापुढे ठेवली. पोरीनं दोन्ही जांब उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली की आमच्या कॉलेजात पोरांना असा प्रयोग शिकवायला महिना लागतो. चांगल्या फळाला डंख मारून आत अंडी घालणारी माशी वेगळी, पिवळसर, गांधीलमाशीसारखी दिसणारी. तिच्या अळ्या गळालेल्या फळांतून मातीत उतरतात, म्हणून ती फळं खोल पुरा, असंही तिनं सांगितलं.

"थे पुरतो मी," प्रयागबाई म्हणाली. "पन तुले हे चिलटं कायले पाह्यजे, थे सांग."

दुसऱ्या दिवशी बेबीताई तिला शाळेत घेऊन गेली. शेषराव मास्तरांनी सूक्ष्मदर्शक काढून दिला. पोरीनं चिलटाच्या अळीतून टाचणीच्या टोकाएवढा मेंदू वेगळा केला, रंगात बुडवला आणि काचेवर दाबला. प्रयागबाईला जांभळे ठिपके दिसले. काही मोठे, त्यांना चिकटून लहान.

"हे ठिपके म्हंजे मेंदूच्या पेशी. मोठी थे आई," बेबीताई म्हणाली. "तिच्या दोन होतात. एक पुन्हा आईच राह्यते, दुसरी लहान होऊन मेंदूच्या कामाले लागते."

"आन् दोघीही आईच राह्यल्या तं?"

बेबीताईनं चमकून तिच्याकडे पाहिलं. "तं मेंदू सुजतच जाते, मावशी. अळीची माशी होत नाही, मरते. असा लपलेला दोष रानच्या चिलटांत हाये का, थेच मी पाहून राह्यली."

"दोघी कामाले गेल्या तं?"

"आई सरते. मेंदू लहानच राह्यते."

प्रयागबाईनं पुन्हा डोळा लावला. "कोनं राहाचं अन् कोनं जाचं, हे त्याइले कोन सांगते?"

"थे अजून पुरतं कोनालेच मालूम नाही. आमच्या सरालेही नाही."

वहीवाल्याच्या तोंडून 'मालूम नाही' असं प्रयागबाईनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बागेत आल्यावर तिनं तांब्या भरला आणि पोरीच्या हातात दिला. स्वतः शेजारी बसली.

तरी तिचा स्वभाव काही गेला नाही. बेबीताई दर सुटीत यायची, आणि प्रत्येक बाटली प्रयागबाई वास घेऊन, उजेडात धरून तपासायची. गळालेली फळं पुरल्यामुळे पुढच्या बहारात अळी बरीच कमी झाली, पण त्याचं श्रेय तिनं थंडीला दिलं.

वर्षभरानं बेबीताईनं निकाल सांगितला. इथल्या दीडशेपैकी दोन चिलटांत तो दोष लपलेला निघाला. पोरगी आनंदात होती, तिच्या प्रबंधाचं काम झालं होतं. प्रयागबाईचा चेहरा मात्र उतरला. तिनं वही मागून घेतली. अक्षर येत नव्हतं तरी पानावर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं.

"माह्या बागेतले म्हनून नको लिहू," ती शेवटी म्हणाली. "मंगरूळचे म्हनून लिही."

बेबीताईनं तसंच लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. प्रयागबाईनं ते शेषराव मास्तरांकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.