व्हरांड्यातली खाट

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मी नागपुरातलं शिक्षण आटोपून गोंदियाला आलो, तेव्हा लहान मुलांचा वेगळा डॉक्टर असतो हेच लोकांना नवं होतं. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाला लागून मुलांची एक खोली होती. नातेवाइकांनी संध्याकाळी भेटून निघून जायचं, असा नियम. अंगावर पिणारं मूल असेल तरच आईला राहता येई.

पावसाळ्यात, ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत दरेकशाहून एक माणूस तीनेक वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. धानाची थोडी शेती होती, एरवी जंगलात मजुरी. मुलीचा चेहरा आणि पाय सुजलेले, केस तांबूस, पायांची कातडी सुटत चाललेली. ती रडत नव्हती, कुणाकडे बघतही नव्हती. बायको पुन्हा गरोदर राहिली तेव्हा मुलीचं दूध तुटलं आणि ती नुसत्या पेजेवर राहिली, असं त्यानं सांगितलं. बाळंतीण घरी होती, म्हणून तो एकटाच आला होता.

दूध थोडं थोडं, पण सतत पोटात जायला हवं होतं. नर्सनं वाटी तोंडाला लावली की मुलगी ओठ घट्ट मिटून घेई. बाप चमच्यानं भरवू लागला, तेव्हा तिनं गिळलं.

नर्सबाई छत्तीसगडच्या, शिस्तीच्या. त्या त्याला म्हणाल्या, "मर्दों को यहाँ रहना मना है." त्यांचंही चुकीचं नव्हतं. शेजारी बायका होत्या. मी मुलीची खाट व्हरांड्यात हलवली आणि बापाला तिच्याजवळ बसायला सांगितलं.

आमचे मोठे डॉक्टर सकाळच्या फेरीला आले, तर त्यांना वाटेतच खाट दिसली. आज एकाला बसू दिलं तर उद्या अख्खं गाव येऊन बसेल, असं ते म्हणाले. तिला बरं करायला औषधापेक्षा अन्न जास्त लागणार आहे आणि ते ती फक्त त्याच्या हातून घेते, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. तेवढ्यात दारातून एक बाई बोलली. ती गोंदियातलीच, बिड्या वळणारी. तिचा अंगावर पिणारा मुलगा न्यूमोनियानं आत होता.

"राहू द्या ना जी त्याले. पोरगी त्याच्याच हातचं खाऊन राहिली. आमाले काही तरास नाही."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. त्यांनी परवानगी दिली नाही, खाटही हलवली नाही. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला.

सूज उतरू लागली तसा गावाहून निरोप आला. रोवायचे धानाचे पऱ्हे वाफ्यातच वाढून चालले होते, त्याला जाणं भाग होतं. तो गेला आणि लगेच पुढच्या गाडीनं त्याची बायको तान्ह्याला घेऊन आली. मुलीला बघून ती रडली नाही. खाटेच्या कडेला बसली आणि खाली मान घालून मला म्हणाली, "माह्याच दुधानं झालं नं हे, डाक्टरसायब?"

गरोदर बाईचं दूध पोराला बाधतं, असं गावात तिला सांगितलं होतं. मी तिला म्हणालो, दूध वाईट नव्हतं, ते बंद झाल्यावर पोरीला भातासोबत वरण मिळालं नाही, एवढंच. घरी कोंबड्या आहेत का, तलावातली मासळी येते का, हेही विचारलं. सगळं होतं. लहान पोराला ते पचत नाही, असं सासू म्हणे. मग नवरा तिला न्यायला आला तेव्हा मी हेच दोघांना एकत्र बसवून पुन्हा सांगितलं. सासूला कसं सांगायचं, हे त्यांनी आपसात ठरवलं. त्यात मी पडलो नाही.

बिडीवालीचा मुलगा वाचला नाही. ती आपलं सामान बांधून गेली, तेव्हा मी दुसऱ्या खोलीत होतो. तिच्याशी बोलायचं राहून गेलं.

पुढे कुणी नियम बदलला नाही. पण मुलाजवळ घरचं एक माणूस बसलेलं असे आणि नर्सबाईच त्याला भरवायला शिकवत.

हिवाळ्याच्या अखेरीस मी दरेकशाला त्यांच्या घरी गेलो. मला बघताच मुलगी बापाच्या मागे लपली. तिचे केस काळे झाले होते. आई अंगणात धाकट्याला वरणभात कुस्करून भरवत होती आणि सासू जवळच बसून त्याचे हात धरत होती, कारण तो वाटी ओढत होता. त्यांनी मलाही जेवायला बसवलं. मी जेवलो आणि दुपारच्या गाडीनं परतलो.