हिरव्या फडक्याचं झाकण

वाफ्या पाण्याला कान लावायचा. खोटं सांगत नाही. मारुंजीच्या रस्त्यावर माझ्या वडापावच्या गाडीला लागून त्याची हॉटडॉगची गाडी होती. समोर आयटीतली पोरंपोरी रांगेत ताटकळलेली, आणि हा बाबा पातेल्यावर वाकून, डोळे मिटून, डॉक्टर छाती तपासतो तसा पाण्याचा आवाज ऐकतोय. मग गॅस केसभर कमी करायचा आणि म्हणायचा, "पाणी बोलू नाही द्यायचं जी. पाणी बोललं का सॉसेज फाटलंच समजा." पोरं ते पण कौतुकानं ऐकायची. मी कढईत वडे सोडता सोडता मनात म्हणायचो, सोंगाड्या लेकाचा.

वाफ्या हे नाव मी ठेवलेलं, चिडून. पोरं त्याला वाफेवाले दादा म्हणायची. माझी बायको इंदू त्याला भाऊ म्हणायची. भाऊ म्हणायची म्हणून मी जळायचा थांबलो असं काही नाही. माझ्या वड्याला बेचाळीस वर्षांत ती कधी 'बरा झालाय' म्हणाली नाही, आणि ह्याचा पाव पहिल्या दिवशी तोंडात घातला आणि म्हणाली, "अगं बाई, कसला मऊ!" ते 'अगं बाई' माझ्या पोटात अजून आहे.

माणूस अकोल्याकडचा. पुण्यात कुठल्याशा मोठ्या हॉटेलात भटारखान्यात होता, तिथनं सुटला आणि गाडी घेऊन आमच्या दारात पाणी मागायला आला. गाडी लावायला जागा पण मागितली. मी म्हणालो, "हितं जागा न्हाई." तर आतनं इंदूचा आवाज आला, "अवं, लावू द्या की त्याला. रस्ता काय तुमच्या सासऱ्यानं आंदण दिलाय?" झालं. आमच्या घराच्या खिडकीसमोर त्याची गाडी लागली.

त्याची रीत सांगतो, कारण रीत चांगली होती. जळत असलो तरी डोळे होते मला. पातेल्यात पाणी घ्यायचं, त्यात कांद्याच्या फोडी, चार मिरी, एक तमालपत्र. पाण्यातनं वाफ निघाली पाहिजे पण बुडबुडा फुटता कामा नये. त्यात कोंबडीचे सॉसेज नुसते पडून राहू द्यायचे, अर्धा-पाऊण तास. गिऱ्हाईक आलं की एक काढायचा, अंगावर तिरप्या तीन चिरा, आणि तव्यावर लोण्यात चारच वेळा परतायचा. पाचव्यांदा परतला तर त्याला पाप लागायचं. पाव पातेल्यावरच्या जाळीत ठेवून वर झाकण. तो फुगला की मध्ये चिरून आतली बाजू तव्यावरच्या लोण्याला नुसती टेकवायची. वर कांदा, मोहरीची पिवळी चटणी. तयार झाला की चिमटा पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवायचा, टिंग टिंग. तो आवाज माझ्या कढईच्या चुरचुरीतनं पण घरात ऐकू जायचा.

मला वाटलं, त्यात काय एवढं? मी पण एक दिवस सॉसेजचं पुडकं आणलं. एवढा वेळ पाण्यात कशाला लोळवायचे म्हणून थेट वड्याच्या कडकडीत तेलात सोडले. आधी फुगले, मग दिवाळी झाली. एक फुटून थेट माझ्या मनगटावर, त्याचा डाग अजून आहे. इंदू खाली बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईतो हसली. "अवं, सुतळी बॉम्ब तळायला घेतले काय?" वाफ्या मात्र हसला नाही. गार पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला, माझा हात धरून त्यावर पाणी ओतत म्हणाला, "दादा, त्याच्या पोटात पाणी रायते जी. एकदम तापवलं तर ते बिचारं जाईन कुठं?" हसला असता तर बरं झालं असतं. शिवी तरी देता आली असती.

पण खरी आग लागली ती त्याआधीच, तो आल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या हप्त्यात. मी बटाटे घेऊन आलो तर इंदू त्याच्या गाडीपाशी उभी. हातात तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा फाडलेला तुकडा, आणि ती तो त्याच्या पातेल्याच्या झाकणाला बांधतीय, चार टोकं वर घेऊन मुठीपाशी गाठ मारून. हिरवं लुगडं मी तिला पौडच्या बाजारातनं आणलेलं होतं, आमच्या थोरलीच्या बारशाला. ते फाडून परक्याच्या झाकणाला? मी विचारलं नाही. जेवलो नाही त्या दिवशी. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "पोट बिघडलंय." त्यानंतर दोन वर्षं मी ते हिरवं फडकं रोज बघत होतो, आणि एकदाही तोंड उघडून विचारलं नाही की बाई, हे कशासाठी.

मग इंदूचं पोटच बिघडलं, खरोखरचं. गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरनं तेल-तिखट बंद सांगितलं, पण त्यानं सांगायची गरजच नव्हती. तिला तेलाचा वास सोसेना. आणि मी म्हणजे नखशिखांत तेल. दोनदा आंघोळ करून जवळ बसलो तरी ती पदर नाकाला लावायची आणि मला वाईट वाटू नये म्हणून खोकल्याचं सोंग करायची. मी गाडी बंद केली. पण चाळीस वर्षांचा वास कातड्यात मुरलेला, तो काय साबणानं जातोय?

तिची खाट रस्त्याकडच्या खिडकीला लावली होती. पेज नको, भात नको, थोरलीनं सासरहून येऊन केलेला शिरा नको. रोज चार वाजता टिंग टिंग वाजायचं आणि वाफ्या खिडकीतनं कागदात गुंडाळलेला नुसता पाव द्यायचा. सॉसेज नाही, चटणी नाही, वाफवलेला पाव आणि नखभर लोणी. "वैनी, गरम हाय, फुंकून खाजा." आणि ती खायची. अर्धा का होईना, खायची. मी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसून बघायचो. माझी बायको अन्नाला तोंड लावते म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. मला झाला नाही. बेचाळीस वर्षांचा संसार माझा, आणि घास त्याच्या हातचा जातो. मला एकदा, फक्त एकदा, तिनं माझ्या हातचं खायला पाहिजे होतं. दिवस थोडे राहिलेत हे मला कळत होतं.

म्हणून मी जे केलं ते केलं. एका सकाळी त्याला सांगितलं, "उद्यापासनं गाडी हितं लावू नको. गाळे काढायचेत मला." गाळे कसले आणि काय! त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं. म्हणाला, "ठीक हाय दादा. वैनीच्या पावाचं काय?"

"मी बघतो की! नवरा हाय मी तिचा."

"हो ना जी," म्हणाला, आणि पातेलं रिकामं करायला लागला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. इंदूनं मान खिडकीकडं वळवली. "आज चिमटा वाजला न्हाई."

"सुट्टी असंल त्याची," मी म्हणालो, आणि स्वयंपाकघरात गेलो. पातेलं, पाणी, जाळी, पाव, सगळं त्याच्यासारखं. पाणी खळाखळा उकळलं, मी म्हटलं उकळलं तर लवकर होईल. झाकण काढलं तर पाव भिजून लगदा, वरनं टपाटपा पाणी गळतंय. तरी नेला. तिनं एक घास घेतला, तोंडात धरला, आणि हळूच कागदात काढून ठेवला. "उद्या खाईन," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आच कमी केली, तरी पावावर झाकणाचं पाणी गळालंच. तिसऱ्या दिवशी पण तेच. चौथ्या दिवशी तिनं तोंडच उघडलं नाही. थोरली मला म्हणाली, "आबा, त्या दादांना का घालवलं? आईचं काय व्हायचं?" मी तिच्यावर ओरडलो. मग परसात जाऊन उभा राहिलो.

वाफ्या कासारसाईला धरणाजवळ गाडी लावतो असं कळलं होतं. स्कूटर काढली. रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो, कमीपणा न घेता कसं बोलायचं ते. धरणाच्या वाटेवर त्याची गाडी दिसली, पातेल्याला कान लावून उभा होता. मला बघितलं आणि पहिलं विचारलं, "वैनी जेवते का?"

माझी जुळवलेली वाक्यं गेली. मी म्हणालो, "न्हाई. माझा पाव भिजतोय. शिकव मला."

त्यानं चिमटा बाजूला ठेवला. मग झाकण उचलून माझ्यासमोर धरलं, हिरव्या फडक्याचं. "मी काय शिकवू जी? हे त तुमच्या घरचं हाय. माह्याही पावावर असंच पाणी गळे. मोठ्या हॉटेलात मशीनवर पाव वाफवलेला माणूस मी, मले हे ठाऊकच नव्हतं. पोरं पाव परत कराची. वैनीनं पायलं, घरातून फडकं आणलं, बांधलं. म्हणे, वाफ फडक्यात जिरते, पावावर पडत नाही. नागपंचमीले दिंड उकडतो तवा असंच बांधतो म्हणे."

नागपंचमीची दिंडं. पुरण भरलेली, केळीच्या पानावर उकडलेली, वर तुपाची धार. बेचाळीस नागपंचम्या मी ती खाल्ली. एकदाही चुलीपाशी जाऊन झाकण बघितलं नाही. ज्याच्यावर मी दोन वर्षं जळलो तो मऊपणा माझ्याच घरातला होता, आणि तो परक्याला ठाऊक होता, मला नाही. तुम्हाला वाटेल तिथं माझं जळणं थांबलं. उलट वाढलं. पण त्या दिवशी जळत उभं राहायला वेळ नव्हता.

"मग मला आधी का न्हाई सांगितलं?" मी तडकलो.

"तुमी कधी इचारलं जी?"

त्यानं मला तिथंच पाण्याजवळ कान न्यायला लावलं. "आयका. सूं करते ना, तेवढंच. खुडखुड झालं का आच उतरवा." आधी मला काही ऐकू येईना. रांगेतली पोरं हसत होती, दोन म्हातारे एका पातेल्यावर वाकलेले बघून. मग ऐकू आलं. अगदी बारीक, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखं. निघताना त्यानं झाकण माझ्या हातात दिलं. "घेऊन जाजा. आज मी ताट झाकतो."

घरी येऊन कढत पाण्यानं आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. पाण्याला कान लावला. पाव झाकला. फुगला तेव्हा नखभर लोणी लावलं, आणि मला काय सुचलं कोण जाणे, चमचा पातेल्यावर दोनदा वाजवला. खोलीत गेलो तर इंदू माझ्याकडं नाही, दाराबाहेर बघत होती. तिथनं ओट्यावरचं झाकण दिसत होतं.

"त्याच्याकडं गेला व्हता?"

"व्हय."

"तुमी?"

"मीच. खा आता, गार हुतोय."

तिनं खाल्ला. अर्धा नाही, सगळा. पदर नाकाला लावला नाही. कागद माझ्या हातात देत म्हणाली, "पाणी बोलू दिलं न्हाई तुमी." बस, एवढंच. 'बरा झालाय' नाही, 'अगं बाई' नाही. पण मला लई झालं. त्यानंतर बावीस दिवस ती माझ्या हातचं खात होती, रोज थोडं कमी. तेविसाव्या दिवशी मी चमचा वाजवला आणि थोरली बाहेर येऊन म्हणाली, "आबा, गॅस बंद करा."

दहाव्याला वाफ्या आला. घाटावर लांब उभा राहिला, कावळा शिवेपर्यंत हलला नाही. पुढं दोन महिन्यांनी पुन्हा आला तो निरोप घ्यायला. त्याची आई एकटी होती, तिला आता दिसत नव्हतं, म्हणून तो अकोल्याला परत चालला होता. तिकडंच गाडी लावणार. मी त्याच्यासाठी पौडहून नवं कोरं झाकण आणून ठेवलं होतं, ते दिलं. त्यानं ते उलटसुलट बघितलं. मग जरा अडखळत म्हणाला, "दादा, त्या फडक्याचा अर्धा तुकडा देता का? वैनीची आठवण म्हणून. चार टोकं पुरली पायजे, एवढाच."

मी म्हणालो, "न्हाई."

"ठीक हाय जी," म्हणाला. वाकून माझ्या पाया पडला, आणि जाताना सवयीनं चिमटा गाडीच्या काठावर दोनदा वाजवला. मी आतच बसून राहिलो.

तिकडं त्याच्या झाकणाला आता पांढरं फडकं आहे, दुकानातलं. थोरलीच्या फोनवर त्यानं फोटो पाठवला होता. तो बघून मला आधी बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं. मग दोनच दिवसांत ते बरं वाटणं गेलं. माझ्याशिवाय इंदूच्या हाताची ती गाठ ज्याला ठाऊक होती, असा तो एकच माणूस.

काल कातरी घेऊन बसलो होतो. फडकं मांडीवर पसरलं, मधोमध घडी घातली, थोरलीकडनं पत्ता पण मागवून ठेवलाय. देणार आहे त्याला अर्धा. पण गाठीपाशी जिथं तिनं ओढून बांधलं होतं तिथं कापडाला चुण्या पडल्यात, त्या अजून तशाच आहेत, आणि घडी नेमकी त्यांच्यावरनं जाते. कातरी ठेवली. आज पाणी ठेवलं, झाकण लावलं, कान दिला. देईन, पण ह्या हप्त्यात नाही.