आमच्या वरच्या मजल्यावरचा पॅलेस्टाईन

काही माणसं घर सोडून जातात, पण किश्श्यांचा ढीग मागे ठेवून जातात. अलीगंजला आमच्या वरच्या खोलीत राहणारा समीर त्यातलाच. बाबांच्या बँकेच्या बदलीनं आम्ही साताऱ्याहून लखनौला आलो होतो आणि हा पठ्ठ्या फार्मसीच्या डिग्रीसाठी थेट पॅलेस्टाईनहून! त्याच्या गावाबाहेर इस्रायली लष्कराचं चेकपोस्ट. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं पलीकडे.

*

पहिल्याच रविवारी हज़रतगंजला सहाचा सिनेमा ठरला. साहेब तीन वाजताच बूट घालून जिन्यात उभे!

"आधे घंटे का रास्ता है, यार," मी म्हटलं.

"और चेकपोस्ट कितने?" त्यानं सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत विचारलं.

"एक भी नहीं."

त्याचा विश्वास बसेना. शेवटी साडेतीनला पोचलो आणि थिएटरच्या पायरीवर शेंगा खात बसलो. "कमाल का शहर है," असं तो दर दहा मिनिटांनी म्हणत होता.

*

एकदा ट्रॅफिक पोलिसानं माझी स्कूटर अडवली. लायसन्स मी घरी विसरलो होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून समीर उतरला, शर्ट छातीपर्यंत उचलला आणि स्वतःभोवती गोल फिरला!

पोलीसच लाजला. "अरे भैया, कमीज़ नीचे करो! लोग देख रहे हैं!"

मग समीरनं प्लास्टिकच्या पिशवीतून पासपोर्ट, कॉलेजचं कार्ड, अगदी लस टोचल्याचा दाखलासुद्धा काढून दिला. पोलीस माझ्याकडे वळला. "ये परदेसी, इतने काग़ज़! और तुम?"

रस्ताभर मी हसत होतो. चेकपोस्टवर ही सवय त्याला कशी लागली असेल, हे घरी आल्यावर डोक्यात आलं आणि वाईट वाटलं.

*

पण खरी हिरो त्याची आई! गणिताची शिक्षिका. रोज चेकपोस्ट ओलांडून शाळेत जायची. एके दिवशी गेट बंद, आणि तिच्या वर्गातली पोरंही रांगेतच. बाईंनी पर्समधून खडू काढला आणि टरबुजांच्या ट्रकच्या फळीवर गणित मांडलं!

सैनिक धावत आला. "पुसा ते!"

"आधी उत्तर सांग."

विशीतला पोरगा तो. त्यानं हळूच उत्तर सांगितलं.

"बरोबर. पण पायऱ्या दाखवल्या नाहीस. अर्धेच मार्क," बाई म्हणाल्या आणि फळी पुसली.

आमची आई हा किस्सा येईल त्या पाहुण्याला ऐकवायची, जशी काही त्यांची सख्खी बहीणच!

*

समीरची एकच इच्छा होती. पदवीदानाला आपलं नाव पुकारलेलं आईनं ऐकावं. तिनं बाहेर पडायच्या परवान्यासाठी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा नकार!

शेवटी तिच्या खुर्चीवर आमची आई पैठणी नेसून बसली. नाव पुकारल्यावर तिनं इतक्या टाळ्या पिटल्या की पुढची रांग वळून बघायला लागली. समीर खाली येऊन तिच्या पाया पडला.

"आंटी, अम्मी ने नहीं सुना," एवढंच म्हणाला.

*

महिन्याभरानं त्याचं पत्र आलं. गावी पोचला, तर चेकपोस्टवर ही लांबलचक रांग. आई तारेपलीकडे वाट बघत उभी. सैनिकानं त्याच्या हातातल्या नळकांड्याकडे बोट दाखवलं.

"यात काय आहे?"

समीरनं डिग्री काढून उलगडली.

"काय लिहिलंय? वाच."

समीरनं वाचलं. स्वतःचं नाव, विषय, फर्स्ट क्लास! रांगेत टाळ्या सुरू झाल्या.

"बस, बस! चल, जा!" सैनिक ओरडला.

तेवढ्यात तारेपलीकडून आईचा वर्गातला आवाज आला, "थांब, समीर! परत वाच. मागच्यांना ऐकू गेलं नाही!"