शालीतली बायको आणि माझा कूलर

एप्रिलच्या भर दुपारी शाल पांघरून बसणारी अख्ख्या नागपुरातली एकमेव बाई आमच्या घरात होती, आणि त्याचं सगळं श्रेय मी माझ्या कूलरला देत होतो.

कूलर मी स्वतः बनवला होता. लकडगंजात लाकडाच्या वखारीत नोकरी, त्यामुळे स्टँड सागवानी (मालकाला विचारून!) आणि पाणी झिरपणाऱ्या ताट्या अस्सल वाळ्याच्या. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसाची इज्जत त्याच्या कूलरवरून ठरते. त्यामुळे बायको, म्हणजे शालू, "अहो, मले थंडी वाजून राहिली," म्हणाली, की मी तडक शेजारच्या बावणेंना बोलावून आणायचो.

"पाहा गा बावणे! बाहेर आग आन् घरात शाल!"

बावणे घाम पुसत शालूकडे बघायचे, कूलरकडे बघायचे आणि मान हलवत घरी जायचे. जळतात बिचारे, असं मी समजायचो.

पुढे शालू दिवसभर पेंगायला लागली. "कूलरमध्ये झोप गाढ लागते," मी म्हणालो. वजन वाढलं, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. "थंड हवा मानवली तुले!" केस गळायला लागले, तेव्हा मी नळाच्या पाण्याला दोष दिला, कारण कूलरवर आळ घेणं मला जमलंच नसतं. एरवी चौकात पोचलेल्या भाजीवाल्याला माघारी आणणारा तिचा आवाज पार बसला. आणि ती भांडेनाशी झाली! मी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकून पाहिला. ती नुसती "राहू द्या," म्हणाली. स्वभावसुद्धा थंड करणारा कूलर! (पण खरं सांगतो, त्या 'राहू द्या'नंतर मला घरात करमेनासं झालं होतं.)

तेवढ्यात काटोलहून तिची थोरली बहीण, मंगलाताई आल्या. बस तापलेली, ताई बसपेक्षा तापलेल्या. मी थाटात त्यांची खुर्ची कूलरसमोर मांडली.

"बसा ताई! शिमला!"

ताई बसल्या आणि ताडकन उठल्या. "भाऊजी, हा त भट्टीचा वारा फेकून राहिला!"

मी ताटीला हात लावला. पापडासारखी कोरडी! पाण्याचा पंपच बंद!

"मीच बंद केला," शालू शालीतून म्हणाली. "कधीचाच. तुम्ही इतके खुश होते, मंग सांगू कशी?"

म्हणजे कालपर्यंत मी त्या गरम वाऱ्यात छाती काढून "वा, काय गारवा!" म्हणत होतो! मी हसणार, तोच शालू हळूच म्हणाली, "पण ताई, तरीबी थंडी जाऊन नाही राहिली वं."



ताईंनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, केसांवरून हात फिरवला. "मले असंच झालं होतं. थायरॉईड निघाला. गोळी चालू आहे माही. भाऊजी, इले डॉक्टरकडे काहून नाही नेलं?"

मी कूलरकडे पाहिलं. तो गरम वारा फेकतच होता.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली. थंडी जास्त वाजते? थकवा? झोप? वजन? केस? आवाज? पोट साफ होत नाही? शालू प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती आणि माझा एकेक शोध निकालात निघत होता. रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली होती.

"गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, चहाच्या बऱ्याच आधी," बाई म्हणाल्या. "बरं वाटायला काही आठवडे लागतील. आणि बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही. अधूनमधून रक्त तपासत राहू."

"म्हणजे कूलरचा काहीच संबंध नाही?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"आहे ना! त्याच्यामुळे यायला उशीर झाला."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन शालूच्या उशाशी उभा राहू लागलो, आणि चहाच्या डब्यावर पहारा देऊ लागलो. ती हळूहळू उठून बसायला लागली, मग फिरायला, मग माझ्या चुका मोजायला.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागला. एका दुपारी ती शाल भिरभिरत माझ्या तोंडावर आली.

"काय मरणाचं गरम होऊन राहिलं! पंप लावला? लावला ना? मंग हा कूलर आहे का पत्र्याचा डबा? आन् हा ओला टॉवेल गादीवर कोणं टाकला?"

आवाज चौकापर्यंत गेला. भाजीवाला माघारी आला! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तसाच पळत जाऊन संत्रा बर्फी आणली आणि गल्लीभर वाटत सुटलो.

"कशाची गा?" बावणेंनी विचारलं.

"माझा कूलर बेकार निघाला!"

बावणेंनी दोन तुकडे उचलले. "हे त सगळ्या गल्लीले माहीत होतं गा! बर्फी आधीच काहून नाही वाटली?"