तुर्की आजींचा किलीम

जर्मनीत, रेगेन्सबर्गला आमच्या खालच्या मजल्यावर एक तुर्की आजी राहायच्या. सासरे पुण्याहून आले होते त्या उन्हाळ्यात मी त्यांना आजींकडे चहाला घेऊन गेले. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. बोलायला कुणी नाही म्हणून घरात कंटाळले होते.

आजींनी किलीम, म्हणजे हातमागावरचा पातळ गालिचा, आणून जमिनीवर उलगडला. "माझ्या आजीनं विणलाय. आम्ही युरुक. उन्हाळ्यात शेळ्या घेऊन डोंगरावर जायचं, काळ्या तंबूत राहायचं."

मी मराठीत सांगितलं तसे सासरे पुढे सरकले. "म्हणजे ओघुझ टोळ्यांचे वंशज! मध्य आशियातून घोडी-मेंढरं घेऊन निघालेली माणसं. सेल्जुकांचं राज्य यांनीच उभं केलं, पुढे ऑटोमनांचंही."

मी ते जर्मनमध्ये सांगितल्यावर आजी खूश झाल्या. मग किलिमावरून हात फिरवत सासरे म्हणाले, "आणि यांच्याच भाऊबंदांनी आपली देवळं फोडली."

हे मात्र मी जर्मनमध्ये सांगितलं नाही. माझी मुलगीही सोबत आली होती, तेव्हा ती दुसरीत होती. तिला मराठी समजायचं, पण बोलायची जर्मन. तिने ते वाक्य जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगून टाकलं.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "असं म्हणाले ते?"

"नाही हो. हिला मराठी नीट कळत नाही."

"कळतं मला!" मुलगी ओरडली. तिचे डोळे भरून आले. आजींनी किलिमाची घडी घातली.

घरी आल्यावर मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "सुलतानांचा राग मी शेळ्या राखणाऱ्यांच्या नातीवर काढला गं."

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीकडून 'एंटशुल्डिगुंग' हा माफीचा शब्द घोकून घेऊन ते एकटेच खाली गेले. परत आले ते वाटीभर ऑलिव्ह घेऊन. पुढे पुण्याला जाईपर्यंत दोघं रोज अंगणातल्या बाकावर बसायचे, एकमेकांची भाषा येत नसताना.

मला मात्र खाली जायचं धाडस झालं नाही. आजी मला 'दू' म्हणायच्या, म्हणजे आपलं 'तू'. त्या आठवड्यात जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी मला 'झी' म्हटलं, अहो-जाहो केलं. अगदी हसून. मला मान वर करवेना.

मुलीची माफी मागितली, तर ती चित्र रंगवता रंगवता "जा, जा" म्हणाली. म्हणजे जर्मनमध्ये नुसतं "हो, हो", ऐकून सोडून दिल्यासारखं.