सत्तेचाळीस नंबरचा दांडा

मी चित्रकलेची शिक्षिका. म्हणजे होते, आता निवृत्त झाले. पण कुणाला पाटी रंगवायची असली की लोक अजून माझ्याच दारात येतात, आणि मीही नाही म्हणत नाही, कारण दुसऱ्याने रंगवलेली पाटी वाचली की माझं डोकं उठतं. त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या एका स्टेशनाबाहेर उभं असलेलं जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त करायला निघालेल्या समितीने निरोप पाठवला, की बाई, इंजिनावरचा नंबर आणि शेजारची इतिहासाची पाटी तुम्हीच रंगवा, तेव्हा मी लगेच होकार दिला. खरं कारण पाटी नव्हतं. खरं कारण माझे वडील होते.

वडिलांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते नव्वदीला टेकलेत आणि मंठ्यात माझ्याकडे राहतात. स्टीमच्या जमान्यात ते रेल्वेत होते. आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती, की दादा सत्तेचाळीस नंबरच्या इंजिनावर फायरमन होते. आई हे सांगायची, आत्या सांगायची, चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीतली माणसं दादांना पुढे बसवताना सांगायची. मी तर वर्गात पोरांना आगगाडी काढायला शिकवताना, भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा एक माणूस हमखास काढायचे आणि सांगायचे, हे माझे वडील. तीस वर्षं असं सांगितलं. पोरांनी त्याला मिशा काढल्या, टोपी काढली, एकाने तर चष्मा काढला. माझी काही हरकत नव्हती.

या मार्गावरची इंजिनं मोजकीच होती, तेव्हा हेच दादांचं असायला काय हरकत आहे, असा माझा हिशेब. मी समितीला तसं बोलूनही टाकलं. समिती खूश. पाटीच्या मजकुरात मी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘याच इंजिनावर काम केलेले ज्येष्ठ फायरमन’, आणि समितीने उद्घाटनाला दादांची खुर्ची पहिल्या रांगेत धरली. हे सगळं ठरलं तेव्हा इंजिनाचा नंबर काय आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

नंबर माहीत नसण्याचं कारण रंग. हे छोट्या रुळांवरचं इंजिन. रूळ रुंद झाले तसं त्याचं काम संपलं, आणि कुणाच्या तरी चांगल्या बुद्धीने ते भंगारात न जाता चौथऱ्यावर येऊन बसलं. पुढे कुणी साहेब यायचा असला की त्याला रंग फासायचा, एवढीच त्याची सेवा. काळ्यावर चंदेरी, चंदेरीवर हिरवा, चाकांना लाल. पितळेचं जे जे होतं ते केव्हाच नाहीसं झालेलं, नंबराची पाटीसुद्धा. धुराड्यात पारव्यांनी संसार थाटलेला. पुढचं गोल दार गंजून त्याला हात जाईल एवढी भोकं पडलेली.

दुरुस्तीचं काम एका निवृत्त फिटर मिस्त्रींकडे होतं. पंच्याहत्तरीचा माणूस, पण पत्र्याला पत्रा जोडताना तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यांनी मला रंग खरवडायची एक पत्री आणि पॉलिश पेपर दिला आणि केबिनची बाजू दाखवली. “बाई, रंग काढा आस्ते आस्ते. खाली नंबर निकलेल.”

मी चार दिवस खरवडलं. हिरवा गेला, चंदेरी गेला, काळा लागला, आणि चौथ्या दिवशी दुपारी त्या काळ्यात पुसट पांढरे आकडे दिसायला लागले. पुढचे आकडे सगळ्याच इंजिनांना सारखे, ते मी बघितलेही नाहीत. शेवटचे दोन बघितले. बारा. मी पाणी लावून पुसलं. तरीही बाराच. मिस्त्री खाली वाकून चाकांवरच्या लोखंडी चौकटीवर ठोकलेला नंबर बघून आले. तोही बारा.

संध्याकाळी घरी गेले तर दादा ओट्यावर वाट बघत बसलेले. “निघला का सत्तेचाळीस?” मी म्हणाले, “अजून न्हाई दादा, रंग फार आहे.” दुसऱ्या दिवशीही तेच. माणूस एरवी दिवसाचे चार शब्द बोलतो, आणि आता रोज दारात पाऊल टाकताच हा एकच प्रश्न. मी शाळेत पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावायचे, आणि इथे रोज खोटं बोलत होते. समितीला सांगावं, तर पाटी आणि खुर्ची दोन्ही गेली. दादांना सांगावं, तर काय सांगावं?

शेवटी मी मिस्त्रींना खरं सांगितलं. ते हसले. “बाई, एक इंजिन म्हणजे एक इंजिन थोडंच असतं. कारखान्यात दुरुस्तीला गेलं की समदं खोलायचं. याचा बॉयलर तयार न्हाई, मंग त्याचा बसवा. गाडी जल्दी बाहेर काढायची असते. नंबर चौकटीचा, बाकी ज्याचं त्याचं.” मग त्यांनी मला फिरवून दाखवलं. मागच्या कोळशाच्या डब्यावर ठोकलेला नंबर होता एकतीस. डाव्या चाकांच्या दांड्यावर बारा. मी डोक्याला हात लावला. आता पाटीवर इतिहास कुणाचा लिहायचा? बाराचा की एकतीसचा?

मग आम्ही उजव्या बाजूला गेलो. चाकांना एकमेकांशी जोडणारा तो लांब लोखंडी दांडा, त्याच्यावर लाल रंगाचा बोटभर थर. मिस्त्रींनी टोकापाशी पत्री मारली, मी चिंधीने पुसलं. तिथे ठोकलेले आकडे बोटाला लागले, मग दिसले. सत्तेचाळीस.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच चौथऱ्यावर बसले. माझं खोटं खरं झालं होतं. मी मिस्त्रींना म्हणाले, आमचे दादा सत्तेचाळीस सत्तेचाळीस म्हणतात ते हेच, बाकीचं इंजिन बदललं असेल, एवढं राहिलं असेल. मिस्त्री दांड्यावरून हात फिरवत, सहज बोलावं तसं बोलले, “न्हाई बाई, हे जसं गेल्तं तसंच आहे. शेडात शेवटाला मीच होतो ना. बाराला उजवा दांडा सत्तेचाळीसचाच होता, बरीच वर्षं. सत्तेचाळीस नंबरचं इंजिन या लाइनीवर कधी आलंच न्हाई, कारखान्यातून फक्त त्याचा दांडा आला. तुमचे वडील बराबर सांगतात. पण मंग ते पुसणाऱ्यांत असतील. वरचे लोक बारा म्हणायचे. ड्रायव्हर, फायरमन, रजिस्टर, समदं बारा. दांड्याचा नंबर फक्त दांडा पुसणाऱ्या खलाशाला माहीत. त्यांच्यात तसंच होतं, मी अमुक दांड्यावर, तू तमुक.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि उगाच हातोडी शोधायला निघून गेले.

मंठ्याला परतताना एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि मला काहीच सुधरत नव्हतं. इंजिन दादांचंच होतं, याचा पुरावा हातात होता, आणि तोच पुरावा सांगत होता की दादा त्या इंजिनावर कधी चढलेच नव्हते. एक हातात घ्यावं तर दुसरं आपोआप येत होतं. मी आठवायला लागले, ‘मी फायरमन होतो’ असं दादा स्वतःच्या तोंडाने कधी म्हणाले होते? आई म्हणायची. आत्या म्हणायची. दादा म्हणायचे, “इंजिनावर होतो.” का “इंजिनाला होतो” म्हणायचे? लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून विचारायचे, भट्टी किती मोठी असते, तेव्हा ते काय सांगायचे? मला आठवेना. मला फक्त मी काढलेली चित्रं आठवत होती. फावडं मी काढलं होतं. भट्टीही मीच काढली होती. मग खोटं कुणी बोललं, त्यांनी की मी? आणि ज्यांनी मला शिकवलं, शिक्षिका केलं, त्या माणसाबद्दल हा विचार करताना मला लाजही वाटत होती आणि रागही येत होता. कशाचा राग, तेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाले, “दादा, सत्तेचाळीस निघाला.”

“म्या म्हन्लं न्हवतं?”

“उजव्या दांड्यावर निघाला. इंजिन बाराचं आहे.”

दादा बशीत चहा ओतत होते. त्यांनी नीट ओतला, प्याले, बशी खाली ठेवली. “उजवाच. डावा दुसऱ्याकडं होता.”

मग तेच पुढे सांगायला लागले. “डोळ्याची तपासनी असते. वर जायचं तं सिग्नलचे रंग बिलकुल साफ दिसाया लागतात. दोनदा गेल्तो. डॉक्टरनं दोन्ही बारीनं नापास केलं. मंग खालीच राह्यलो.” कपातला उरलेला चहा बशीत ओतत म्हणाले, “तुझ्या मायला लगीन ठरतानी कुनीतरी फायरमन सांगितलं. तिनं समद्यायला सांगितलं. आता एवढ्या समद्यायला कोन ‘न्हाई’ म्हनत फिरंल?”

डोळे खरंच नापास झाले असतील. कदाचित दुसरंही काही असेल, त्या काळात वर कुणाला घ्यायचं आणि कुणाला खालीच ठेवायचं हे फक्त डोळ्यांवर ठरत नसे. मी तसं विचारलं. दादा म्हणाले, “असंल. न्हाई बी. मला कोन सांगनार?” त्यांनाच माहीत नव्हतं, तर मी कुठून ठरवू.

मग मी विचारलं, पाटीवर काय लिहू. दादांनी नेहमीप्रमाणे मुद्द्याला बगल दिली. म्हणाले, “तो दांडा आरशासारका ठिवायचो म्या. बोट फिरवलं तं काळं लागत नसंल, तवाच आमचा मुकादम सोडायचा. लाल रंग कोन्या गाढवानं दिला त्याला?”

त्या आठवड्यात मी त्या दांड्याचा लाल रंग स्वतः काढला. रॉकेल, चिंध्या, पॉलिश पेपर. मिस्त्री म्हणाले, उघडं लोखंड गंजेल, मी म्हणाले, गंजू दे, मी दर महिन्याला येऊन पुसेन. केबिनवर नंबर रंगवला तो बारा. पाटीवरचा ‘फायरमन’ शब्द खोडला आणि ‘खलाशी’ लिहिला. मग तो खोडून पुन्हा फायरमन लिहिला, कारण समितीतल्या एकाने विचारलं, बाई, खलाशाला पहिल्या रांगेत कसं बसवायचं. मग त्याच प्रश्नाने रात्री माझं टाळकं सरकलं. पुन्हा खलाशी लिहिला आणि वर वॉर्निश मारून टाकलं, म्हणजे माझ्यासकट कुणालाच बदलता येऊ नये. दादांचा मान मी वाढवला की घालवला, मला अजून सांगता येत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी दादांना रिक्षाने घेऊन गेले. म्हटलं, गर्दीत नको, आधी निवांत बघू द्यावं. त्यांनी पाटी बघितली. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवली, ‘खलाशी’ या शब्दावर न थांबता. ते नुसतं “हं” म्हणाले. उजव्या बाजूला गेले, दांड्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, धोतराला पुसलं. मला वाटलं झालं, आता बसवावं सावलीत. पण ते चालत केबिनच्या पायऱ्यांपाशी गेले आणि वर बघत उभे राहिले.

“जाऊ दे मला वर,” म्हणाले.

मी आणि मिस्त्री, दोघांनी मिळून त्यांना चढवलं. एक पाय, मग दुसरा, मध्ये दम खायला थांबलो. वर पोचल्यावर ते दांडीला धरून उभे राहिले. भट्टीचं दार, नळ्या, मिस्त्रींनी बसवलेली लाकडी बैठक, सगळं बघितलं, पण हात कशालाच लावला नाही. परक्याच्या घरात शिरल्यासारखे अंग चोरून मधोमध उभे होते. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, मिस्त्रींना ऐकू जाऊ नये अशा बेताने.

“माय, फायरमन कोन्या अंगाला उभा राह्यतो?”

पाटीसाठी हे सगळं मी मिस्त्रींना विचारून घेतलं होतं. मी दादांचा दंड धरला आणि त्यांना उजव्या बाजूला नेऊन उभं केलं.