जप्तीच्या मालातली बाटली

आमच्याकडच्या एका बंदरावरचे कस्टम्सचे साहेब जपानमधल्या कोबे बंदराला येणार होते, इथलं कॉम्प्युटरवरचं काम बघायला. त्या कामाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपनीत मी तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होते. जपानी बऱ्यापैकी यायचं, म्हणून दुभाषी म्हणून मला पाठवलं. आपलं माणूस येणार, या आनंदात मी त्यांच्यासाठी शाकाहारी जेवणसुद्धा सांगून ठेवलं होतं.

साहेबांबरोबर त्यांचा मेहुणा होता, नुकताच खात्यात लागलेला. टॅक्सीतच साहेब म्हणाले, "आमच्या सासऱ्यांचा शब्द मंत्र्यांकडे चालतो. मलाही त्यांनीच चिकटवलं, आता याला." आवाजात संकोच नावालाही नव्हता.

बंदरावरच्या विभागप्रमुखांना सगळे काचो-सान म्हणत. त्यांनी स्वतः उभं राहून प्रत्येक स्क्रीन समजावून सांगितला. साहेब मोबाइलशी खेळत होते. मेहुणा तोंड उघडं टाकून झोपला होता. मी मात्र वाक्यामागून वाक्य मराठीत करत होते, कुणासाठी कोण जाणे.

शेवटी साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, पकडलेल्या मालाचं काय करतात हे लोक?"

"नष्ट करतो," काचो-सान म्हणाले.

"सगळा? विचारा तरी, पाहुण्यांसाठी एखादी व्हिस्की निघेल का."

"साहेब, हे मी विचारणार नाही."

"अगं, तुझं काय जातंय? तू नुसती भाषा बदलायची!"

काचो-सान माझ्याकडे बघत थांबले होते. मी जपानीत म्हटलं, "पाहुण्यांचे प्रश्न संपले." तेवढ्यात जागा झालेल्या मेहुण्याने अंगठा तोंडाकडे नेऊन थेट त्यांनाच विचारलं, "व्हिस्की. गिफ्ट. पॉसिबल?"

काचो-सानच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि लिफ्टकडे हात दाखवला.

पाहुण्यांना टॅक्सीत बसवून मी वर आले आणि माफी मागितली. काचो-साननी मशिनमधून काढलेला चहाचा कॅन माझ्या हातात दिला. त्यांना इतिहास वाचायचा नाद होता. म्हणाले, "अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती ना, तेव्हा सरकारी तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः बंदरांतूनच यायचा. त्यामुळे जकात अधिकाऱ्याची खुर्ची सगळ्यांनाच हवी असायची. कुणी युद्धात लढलेला, कुणी निवडणुकीत राबलेला, कुणी कुणाचा जावई. राष्ट्राध्यक्ष शिफारशींना वैतागून जायचे. नव्या देशाला वेळ लागतो."

समजूतच घालत होते ते. "आमचा देश आता इतका नवा राहिलेला नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीने माझ्या जागी दुसऱ्याला पाठवलं. दुभाषी उद्धट आहे, अशी साहेबांची तक्रार होती.

पुढे काही महिन्यांनी बाबांचा फोन आला. ते दोघं येऊन गेल्याचं मी घरी तेवढं सांगितलं होतं. पेपरात आलं होतं म्हणे, त्या मेहुण्याला बंदराच्या संगणक विभागाचा प्रमुख नेमलंय. जपानमध्ये प्रशिक्षण घेतलेला तरुण अधिकारी! मी तोंडाला येईल ते बोलले. बाटलीचा, झोपेचा, सगळा प्रकार सांगितला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझी चांगली ओळख झाली की त्यांच्याशी," ते म्हणाले. "तुझ्या धाकट्या भावाच्या नोकरीसाठी एक शब्द टाकून बघ ना."

मी फोन कानापासून लांब धरला. बाबा बोलतच होते.